१७९३ च्या पेटीला पॉलिश पेपर लावण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरजवळच्या एका जुन्या शेतघरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून तुम्ही एक मोठी लाकडी पेटी आणलीत. दर्शनी बाजूला ट्युलिपची फुलं, कुणा मुलीचं नाव आणि १७९३ हे साल. निळा रंग जागोजागी उडालाय. घरच्यांचं म्हणणं, पॉलिश पेपर मारून वर पॉलियुरेथेनचे दोन हात देऊ, नवीकोरी दिसेल. तुमचं मन मात्र होत नाही. घरात दीड वर्षाचं मूल आहे, त्याचीही काळजी आहे. शिवाय जाता जाता तुम्ही विचारलंत की, या जुन्या अमेरिकी लोककलेत गढलेल्या माणसाचा रोजचा दिवस कसा जातो, आणि शिकायचं तर सुरुवात कुठून करायची.

तुमचं मन होत नाही ते अगदी बरोबर आहे. पॉलिश पेपर लावू नका. पॉलियुरेथेन तर नकोच. ओलं फडकंसुद्धा तूर्त लांब ठेवा.

पहिलं कारण तुमचं मूल. त्या काळचा तेलरंग म्हणजे बहुतेक वेळा सफेता, आणि सफेता म्हणजे शिसं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली. १७९३ ची पेटी घासलीत तर उडणारी धूळ शिशाची असेल आणि रांगत्या मुलाच्या हातावाटे ती तोंडात जाईल. मधल्या काळात कुणी ती पुन्हा रंगवली असली तरी त्या वरच्या रंगाचाही भरवसा नाही. पेटी मुलाचा हात पोचणार नाही अशा खोलीत हलवा, खाली पडलेले पोपडे ओलसर कागदाने टिपून पिशवीत बांधून टाका, त्यावरून साधा व्हॅक्युम फिरवू नका, कारण तो बारीक धूळ मागच्या बाजूने घरभर सोडतो.

दुसरं कारण मला जास्त जीव तोडून सांगायचंय. पेटीचं लाकूड साधं आहे, पाइन किंवा ट्युलिप पॉप्लर. तसल्या फळ्या आजही मिळतील. परत मिळणार नाही तो वरचा केसाएवढा पातळ थर. ज्याने रंगवली त्याचा हात त्या थरात आहे. दोनशे वर्षं झाकण उघडणाऱ्यांच्या बोटांनी झिजलेली कडा, मेणबत्तीचे ओघळ, सोवळ्याओवळ्यासारख्या नेमाने दर शनिवारी फडकं मारणाऱ्या कुणा बाईने पुसट केलेलं फूल, सगळं तिथंच. तो थर खरवडला की उरतं ते नुसतं खोकं.

हे मी ऐकीव सांगत नाही. इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी मी बर्क्स काउंटीतल्या एका शेतावरच्या लिलावात हातभर लांबीची पेटी घेतली, वरून तपकिरी रंगाने माखलेली. खालचं लाकूड बघावं म्हणून दुकानातून रंग काढायची पेस्ट आणली आणि अंगणात बसून लावली. दहा मिनिटांत तपकिरी रंग सुरकुतला. फडक्याने ओढला तर खाली लाल दिसलं. मला आनंद झाला, अजून ओढलं. लालावर पिवळ्या रंगात दोन अक्षरं होती, एम आणि बी, आणि त्यांच्याभोवती पानांची वेल. मला ती नीट दिसली जेमतेम अर्धा मिनिट, कारण पेस्ट थांबत नव्हती. मी फडकं बाजूला ठेवेपर्यंत अक्षरं फडक्यावर आली होती. ती कोण होती, कुणाची मुलगी, काही कळायची वाट उरली नाही. पेटी आजही माझ्या टेबलाखाली आहे, त्यात मी रंगाचे कुंचले ठेवते आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तीच दाखवते. अशा वेळी करायचं काय, तर वरचा थर जाणकार संवर्धकाकडून भिंगाखाली, धारदार पात्याने कोरडाच, नखाएवढा तुकडा उघडून बघायचा. दिवसाला दोन इंच सरकतं ते काम. खर्चिक आहे, पण खालचं हाती लागतं.

आता तुमची पेटी मुळात काय आहे ते सांगते, म्हणजे घरच्यांनाही पटेल. पेनसिल्व्हेनियात १६८३ साली जर्मनटाउन वसलं आणि पुढच्या शंभर वर्षांत ऱ्हाईनकाठचे आणि स्वित्झर्लंडचे जर्मन बोलणारे हजारो शेतकरी, कारागीर आले. लोक त्यांना पेनसिल्व्हेनिया डच म्हणतात, पण हॉलंडशी संबंध नाही. पूर्वी इंग्रजीत जर्मन बोलणाऱ्यांनाही 'डच'च म्हणत. त्यांच्या घरात मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिच्या नावाची पेटी करून घ्यायचे. त्यात तिने कातलेलं, विणलेलं, भरतकाम केलेलं कापड साठत जायचं आणि लग्नानंतर पेटी तिच्याबरोबर जायची. आपल्याकडच्या रुखवताची आठवण होणं साहजिक आहे, पण रुखवत दोन दिवस मांडतात. ही पेटी पुढची पन्नास वर्षं त्या बाईची स्वतःची, किल्लीसकट. मुलग्यांनाही अशा पेट्या मिळत, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं.

उजवीकडे किंवा डावीकडे आत वरच्या अंगाला एक छोटा झाकणाचा कप्पा असेल, आपल्या जुन्या पेट्यांमध्ये दागिन्यांसाठी असायचा तसा. दर्शनी बाजूला कमानी असतील तर त्या आखून मगच रंगवलेल्या असतात. लेबनन काउंटीत जोन्सटाउनजवळ क्रिस्टियान सेल्ट्सर नावाचा कारागीर (१७४९–१८३१) होता. तो तीन चौकटींत फुलदाण्या काढायचा आणि रंग ओला असतानाच फुलदाणीवर आपलं नाव आणि साल टोकदार काडीने खरडायचा. तुमच्या फुलांखाली फुलदाणी असेल तर तिच्या पोटावर तिरपा उजेड टाकून बघा. असेलच असं मी म्हणत नाही. बघायला काही लागत नाही, म्हणून सांगते.

तपासायचं कसं ते सविस्तर लिहिते, कारण फोटोवरून निदान करणं मला पटत नाही. खोलीत अंधार करा आणि टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. हाताने रंधलेली फळी आरशासारखी सपाट नसते. रंध्याचं पातं किंचित गोलसर असायचं, त्यामुळे लाटांसारखे उथळ चर उठतात. पाठीमागची आणि तळाची फळी बघा. तिथे कुणी गुळगुळीत करायला वेळ घालवत नसे, म्हणून खुणा शिल्लक राहतात. करवतीच्या रेघा सरळ, एकमेकींना समांतर असतील तर ते हातकरवतीचं किंवा पाणचक्कीवरच्या उभ्या करवतीचं काम. रेघा कमानीसारख्या गोल असतील तर ती चकतीची करवत, ती इकडे साधारण १८३० नंतर रुळली. कोपऱ्यांचे सांधे कबुतराच्या शेपटीसारखे एकात एक अडकवलेले असतील आणि प्रत्येक शेपूट शेजारणीपेक्षा थोडी वेगळी असेल, तर ती पटाशी हाताने चालवलेली आहे. बिजागऱ्या झाकणाखाली लांब पट्टीसारख्या, लोहाराने ठोकलेल्या असाव्यात. तारेचे गोल खिळे दिसले तर ते १८९० च्या आसपासचे किंवा नंतरचे. पण त्यावरून लगेच पेटी खोटी ठरवू नका, कुणीतरी डागडुजी केली असेल. पायांचंही तसंच. ओल्या फरशीवर उभे राहून पाय कुजतात, म्हणून ते बदललेले सापडणं नेहमीचं आहे.

सगळ्यात महत्त्वाची खूण रंगात असते. लाकूड आडव्या अंगाने आकसतं आणि शंभर वर्षांत फळीला चीर जाते. त्या चिरेच्या आत डोकावून बघा. आत कच्चं, काळवंडलेलं लाकूड दिसलं तर रंग आधीचा आणि चीर नंतरची. आत रंग उतरलेला दिसला तर कुणीतरी जुनी चिरकी पेटी घेऊन त्यावर अलीकडे फुलं काढली आहेत. खोलगट ठेच, झिजलेली कडा, किल्लीच्या भोकाची कड, सगळीकडे हाच प्रश्न विचारायचा: रंग आधी की झीज आधी? माझ्याकडे लोक पेट्या घेऊन येतात तेव्हा नाव आणि साल मी शेवटी बघते. आकडे रंगवायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी एक खूण मला फार आवडते. सहा पाकळ्यांचं किंवा ताऱ्याचं नक्षीकाम असेल तर मधोमध बोट फिरवा. कंपासाच्या टोकाचं बारीक भोक लागेल, आणि रंगाखालून गोल खरडलेली रेघ. कारागिराने तिथे टोक रोवलं होतं. इथल्या धान्यकोठारांवर जे मोठे तारे रंगवलेले दिसतात, त्यांची आखणीही अशाच कंपासाने. त्या ताऱ्यांना 'हेक्स' म्हणजे जादूटोण्याची चिन्हं म्हणायची पद्धत विसाव्या शतकात प्रवाशांसाठी लिहिणाऱ्यांनी रूढ केली. शेतकऱ्याच्या तोंडी ते नुसते तारे किंवा फुलं असत.

निळ्या रंगाबद्दल तुम्ही विचारलंत की हा 'मिल्क पेंट' का. दुकानांतून तसं सरसकट सांगतात. दूध, चुना आणि रंगद्रव्य यांचा रंग होतो, मी स्वतः तो भिंतीच्या फळ्यांना लावते आणि त्याचा कोरडा, खडूसारखा पोत मला प्रिय आहे. पण जुन्या रंगवलेल्या फर्निचरचे नमुने प्रयोगशाळेत तपासले गेले तेव्हा पुष्कळदा जवसाच्या तेलात घोटलेला रंग निघाला. तुमचा निळा बहुधा प्रशियन ब्लू असेल, तेलात सफेत्याबरोबर घोटलेला.

माझा दिवस विचारलात. तो या पेटीपेक्षा कागदाशी जास्त जोडलेला आहे, कारण माझं मुख्य काम फ्राक्टुर. हा जर्मन वळणाचा तुटक, कोनदार अक्षरांचा लेख, भोवती फुलं, पक्षी, हृदयं, देवदूत. साधारण १७४० पासून पुढची शंभर-सव्वाशे वर्षं या भागात तो घरोघर होता. सर्वांत जास्त मिळतात ती जन्म आणि बाप्तिस्म्याची पत्रं. मुलाचं नाव, आईबापांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, गाव, तारीख आणि काही पत्रांत चक्क रास. पहिल्यांदा फिलाडेल्फियाच्या फ्री लायब्ररीत काचेखाली 'सिंह राशीत जन्म' अशा अर्थाची ओळ वाचली तेव्हा मला आजोबांनी केलेली माझी पत्रिका आठवली. त्या ग्रंथालयात हजाराच्या वर फ्राक्टुर आहेत. मी महिन्यातून एकदा जाते, एकच पत्र मागवते आणि दुपारपर्यंत तेच बघत बसते.

यातही एक गैरसमज दूर करते. ही पत्रं आमिश लोकांची, असं इथे आलेल्या पाहुण्यांना वाटतं. आमिश आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांचे लोक तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत, माणूस कळता झाल्यावर करतात. त्यामुळे बाप्तिस्म्याची पत्रं मुख्यतः लुथरन आणि रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट पंथांच्या घरांतली. मेनोनाइट शाळांत मात्र मास्तर मुलांना सुंदर कित्ते लिहून देत, वर एक धर्मवचन, पहिलं अक्षर वेलबुट्टीचं, खाली मुळाक्षरं आणि आकडे. योहान आडाम आयर हे अशा मास्तरांतले एक. चांगला अभ्यास केलेल्या मुलाला पक्ष्याचं छोटं चित्र बक्षीस मिळायचं. ते चित्र वहीत, बायबलात, पेटीत जपलं जायचं. भिंतीवर क्वचितच, आणि म्हणून तर रंग टिकले. काही पत्रांचं नशीब आणखी वेगळं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना निवृत्तिवेतन मिळवताना लग्नाचा, मुलांच्या जन्माचा पुरावा लागे. त्यांनी घरातली ही चित्रं काढून सरकारला पाठवली आणि ती अर्जासोबत फायलीत राहिली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ती आजही आहेत. लाल पोपट आणि ट्युलिप, दोन सरकारी कागदांच्या मध्ये.

सकाळी सहाला उठते. हिवाळ्यात पहिलं काम आर्द्रता मोजायच्या काट्याकडे बघायचं. इथे घर तापवणारी यंत्रं सुरू झाली की हवा इतकी कोरडी होते की रात्री फळ्या कडकडतात आणि खुर्चीचे दांडे भोकात सैल होतात. मी काटा चाळीस टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. तुमच्या पेटीसाठीही हे सांगून ठेवते: हीटरच्या झरोक्याजवळ नको, बाहेरच्या थंड भिंतीला चिकटून नको, खिडकीतल्या उन्हात तर नाहीच.

मग शाई. ती मी महिन्यातून एकदा करते. मायफळं कुटून पावसाच्या पाण्यात भिजत घालायची, आठवड्याने गाळायची, त्यात हिराकस आणि बाभळीचा डिंक. मायफळ म्हणजे आपल्या बाळगुटीतलंच, ओकच्या झाडावर किड्यामुळे येणारी गाठ. लिहिताना शाई फिकट करडी असते आणि हवा लागली की डोळ्यांदेखत काळी होत जाते. हिराकस थोडं जास्त झालं तर शंभर वर्षांनी तीच शाई कागदाला भोकं पाडते, म्हणून प्रमाण मी तोलून घेते. हिरवा रंगही असाच. जुन्या कारागिरांचा हिरवा बहुतेकदा जंगाल, तांब्याचा गंज. तो कागद खातो. काही पत्रांत पानं गळून पडलेली आणि फुलं जागेवर, असं दिसतं ते यामुळे. मी दुसरा, निरुपद्रवी हिरवा वापरते. लालसाठी जुने लोक हिंगूळ वापरायचे. पिवळा पुष्कळदा गॅम्बोज, तो कोकमाच्याच कुळातल्या एका झाडाचा चीक. दोन्ही पोटात जाता कामा नयेत, म्हणून रंगाच्या खोलीत मी चहासुद्धा नेत नाही.

लेखणी हंसाच्या पिसाची. गरम वाळूत खुपसून पीस कडक करायचं, मग चाकूने तासायचं. शाळेत असताना आजोबांनी बोरू तासायला शिकवला होता, तो कोन हाताला ठाऊक होता, पण पीस बोरूपेक्षा खूप लवकर मान टाकतं. दहा-बारा ओळी झाल्या की पुन्हा तासा. कागद हाताने केलेला, चिंध्यांचा. या वसाहतींमधली पहिली कागद गिरणी १६९० साली रिटनहाउस नावाच्या माणसाने याच फिलाडेल्फियाजवळ ओढ्याकाठी काढली, तीही लिननच्या चिंध्यांवरच चालायची. कागद उजेडासमोर धरला की साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात. एका जन्मपत्राला मला तीन दिवस लागतात: पहिला आखणीचा, दुसरा अक्षरांचा, तिसरा रंगांचा. अक्षरं सकाळी साडेअकरापर्यंतच. जेवणानंतर माझा हात जड होतो, तेव्हा पेट्यांचं खरबरीत काम.

पेट्यांना शेवटचा हात लाखेचा देते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची. पाकिटावर उगमाचा देश भारत. एकोणिसाव्या शतकात इथल्या फर्निचरवर चढलेली लाखही मुख्यतः भारतातूनच यायची. माझं आजोळ सावंतवाडीचं. चितार आळीत कातयंत्रावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की जो वास सुटायचा, तो आणि माझ्या खोलीतला वास एक नाही, पण डबा उघडताना दर वेळी तो आठवतो. ही लाख ओळखायचीही साधी युक्ती आहे: वस्तूच्या लपलेल्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब टेकवला आणि चिकट झालं तर लाख. तुमच्या पेटीवर मात्र हा प्रयोग करू नका, रंगाखाली काय आहे ते माहीत नाही.

संध्याकाळी गालिचा. जुने लोकरी कोट फाडून पाव इंचाच्या पट्ट्या काढायच्या आणि आकड्याने तागाच्या कापडातून एकेक फास वर ओढायचा. ही कला इकडच्या गरीब घरांत वाढली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, धान्याची गोणपाटं घरात फुकट साठू लागली तेव्हा. गोणपाटाचा ताग बंगालचा. १८६८ च्या सुमाराला मेन राज्यात बिडफर्ड गावी एडवर्ड फ्रॉस्ट नावाच्या फेरीवाल्याने पत्र्याचे साचे कापून गोणपाटावर नक्षी छापून विकायला सुरुवात केली. माझा जीव मात्र त्याच्या आधीच्या बायकांच्या गालिच्यांवर जास्त. चुलीतल्या कोळशाने स्वतःच आखलेली मांजरं, चंद्राएवढी फुलं. आईची गोधडी आणि हे गालिचे एकाच बुद्धीतून आले आहेत असं मला मनापासून वाटतं. गालिचा गुंडाळायचा झाल्यास लोकर बाहेरच्या अंगाला ठेवून गुंडाळा. उलटा गुंडाळला तर गोणपाट तुटतं.

जुन्या वस्तूंमध्ये राहते म्हणजे मी संग्रहालयात राहत नाही. जेवणाचं टेबल जुनं आहे, त्यावर पोळ्या लाटते. विंडसर खुर्च्या रोजच्या बसायच्या आहेत. त्यांची बैठक पाइनची, पाय मेपलचे, पाठीच्या काड्या हिकरीच्या, तीन लाकडं तीन रंगांची म्हणून त्या मुळातच रंगवलेल्या असत, बहुतेक हिरव्या. कुणी तासून 'नैसर्गिक लाकूड' दाखवतं तेव्हा मला वाईट वाटतं. वापरायच्या नाहीत अशा वस्तूही सांगते. लाल मातीची जुनी झिलईदार भांडी दिसायला देखणी, पिवळ्या मातीच्या पातळ लेपाने वर ओढलेल्या नागमोडी रेघा. पण ती झिलई शिशाची. त्यात कढी, लोणचं, सोलकढी, काही आंबट ठेवायचं नाही. फळंसुद्धा नाही. माझ्या फडताळावर ती रिकामीच असतात.

पैशाचंही स्पष्ट सांगते, कारण शिकणारे विचारत नाहीत आणि मग अडचणीत येतात. नुसत्या चित्रांवर घर चालत नाही, आणि पूर्वीही चालत नव्हतं. फ्राक्टुर लिहिणारे मास्तर आणि पाद्री होते. बक्स काउंटीचा एडवर्ड हिक्स (१७८०–१८४९), ज्याने सिंह आणि कोकरू शेजारी बसल्याचं चित्र साठाहून अधिक वेळा काढलं, तो पोटासाठी दुकानांच्या पाट्या आणि घोडागाड्या रंगवायचा. माझं निम्मं उत्पन्न शिकवण्यातून येतं, बाकी बाळांच्या जन्मपत्रांतून आणि उन्हाळ्यातल्या दोन-तीन जत्रांतून.

मी केलेल्या प्रत्येक वस्तूच्या तळाशी नाव आणि साल तापल्या लोखंडाने डागते. पुसता येणार नाही असं. १९६९ साली र्‍होड आयलंडच्या आर्मंड लामाँटान्य या शिल्पकाराने सतराव्या शतकातली वाटेल अशी खुर्ची घडवली. जाणकारांना फसवता येतं हे त्याला दाखवायचं होतं. ती फिरत फिरत हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९,००० डॉलरला विकत घेतली. १९७७ साली प्रकार उघड झाला, आणि क्ष-किरणांत दिसलं की भोकं आजच्या ड्रिलने पाडलेली आहेत. मी जुन्या पद्धतीने, जुन्या रंगांनी काम करते. माझी पेटी पन्नास वर्षांनी कुणाच्या शेतघरातल्या विक्रीत निघाली तर तिथे उभ्या असलेल्या तुमच्यासारखीला तळ उलटून बघताच खरं कळलं पाहिजे.

शिकायचं तर आधी बघायला शिका. लँकेस्टरलाच लँडिस व्हॅली संग्रहालय आहे, दोघा लँडिस भावांनी गावोगावहून जमवलेल्या वस्तूंतून उभं राहिलेलं. तिथल्या पेट्यांसमोर वही घेऊन बसा. डॉइल्सटाउनला हेन्री मर्सरने १९१६ साली उघडलेलं काँक्रीटचं उंच संग्रहालय आहे. गाड्या, होड्या, पाळणे, रंधे, सगळं मधल्या पोकळीत छतापासून लटकवलेलं. यंत्रं आल्यावर लोक हातांची अवजारं फेकून देत होते, ती त्याने गोळा केली. फ्राक्टुरबद्दल त्याने १८९७ मध्येच लिहिलं होतं. तिथे रंधे आणि पटाश्या बघितल्यात की तुमच्या पेटीच्या तळावरच्या खुणा वाचता येतील. मग घरी एक वर्तुळ, सहा पाकळ्या, रोज. ट्युलिप सोपं दिसतं, पण दोन्ही पाकळ्या एका श्वासात ओढायला मला वर्ष लागलं. नक्कल करायला लाजू नका, जुने लोकही एकमेकांचं बघूनच काढत होते. फक्त खाली आपलं नाव घाला.

आणि आता पेटीकडे परत जा. टॉर्च घेऊन झाकण पूर्ण उघडा, कुणाला तरी ते धरायला सांगा, जुन्या बिजागरीवर भार टाकू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला बघा. जन्मपत्रं पुष्कळदा तिथे चिकटवलेली असत. कागद गेला असला तरी लाकूड तेवढ्या भागात उजळ राहतं आणि कोपऱ्यांना वाळलेल्या खळीचे डाग असतात. साधारण तेरा बाय सोळा इंचांचा तसा फिका चौकोन दिसला तर त्याचं नेमकं माप घ्या, कागदाचा एखादा धागा चिकटून असेल तर नखाने काढू नका, आणि पेटीवरचं नाव जसंच्या तसं, जर्मन अक्षरांच्या वळणासकट उतरवून मला पाठवा.